नवस फळला नाही, तरी वारीला जावं का?

इंद्रायणी_काठ

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसतं वाचते आहे. आज स्वतः लिहायला बसले, कारण हा प्रश्न घरात काढला तर आई रडेल आणि बाहेर काढला तर लोक उपदेश करतील.

माझा धाकटा भाऊ मे २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला. अडतीस वर्षांचा होता. दोन लहान मुलं मागे आहेत. दवाखान्यात कुणाला आत सोडत नव्हते. गेटसमोरच्या फुटपाथवर बसून मी नवस बोलले: पांडुरंगा, याला घरी आण, मी आळंदीहून पायी तुझ्या दारात येईन. आमचं घर वारकऱ्यांचं. आजोबा दिंडीत वीणा धरायचे, आईच्या गळ्यात लग्नाआधीपासून माळ आहे. मी मात्र तोवर कधी चालले नव्हते, म्हणून देण्यासारखं माझ्याकडे तेवढंच आहे असं वाटलं. रोज हरिपाठ म्हटला. आईने म्हटला, वहिनीने म्हटला, गावातल्या भजनी मंडळाने आपापल्या घरी बसून म्हटला. तो आला नाही.

त्यानंतर जे ऐकलं ते अजून मनातून जात नाही. "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात." "नवस आधी बोलायला हवा होता." आणि एका जवळच्या नातेवाइकाने तेराव्याच्या पंगतीत, वहिनी वाढत असताना: "तुमच्या घरात पहिल्यासारखं नामस्मरण राहिलं नाही, मी म्हणतच होतो."

२०२२ ला पायी वारी पुन्हा सुरू झाली आणि आई वारीला गेली. मला तिचा राग आला. ज्याने मुलगा ठेवला नाही त्याच्या दाराशी इतकं चालत जायचं? तेव्हापासून दर वर्षी जाते. यंदा गुडघे दुखतात म्हणून मला म्हणाली, तू बरोबर चल.

जो नवस फळलाच नाही तो फेडायचा असतो का? नाही फेडला तर काही बाधतं का? एरवी मी असलं मानत नाही, पण भाच्यांकडे बघितलं की मनात येतं. आणि खरा प्रश्न पुढेच आहे. मागितलेलं मिळालं नाही, तरी देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे रोजच्या दिवसात काय करायचं? माझं त्याच्याशी भांडण आहे. ते घेऊन दिंडीत चालता येतं का?

देव आहे की नाही या वादासाठी हा धागा नाही, एवढी विनंती.

गुरवाचा_नातू

ताई, नवसाचं आधी सांगतो, म्हणजे ती भीती तरी जाईल. आमच्या घरात देवीची पूजा पिढ्यानपिढ्या आहे. नवसाचं बोलणं ठरलेलं असतं: असं झालं तर तसं करीन. झालं, तर फेडायचं. झालंच नाही, तर देणं उभंच राहत नाही. माणूस गेल्यावरही घाबरून ओटी घेऊन येणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्यात. आजोबा ती ओटी देवीच्या पायाला लावून परत त्यांच्याच पदरात घालायचे आणि म्हणायचे, "तुझ्याकडं काही बाकी नाही, पोरी. घरी जा, पोरांकडं बघ."

भाच्यांची काळजी या बाजूने तरी करू नका.

सज्जनगड_वाट

माझं मत थोडं वेगळं आहे. हिशेब म्हणून बाकी नसेल, पण शब्द दिलेला आहे. देव कधी कधी आपली कसोटी बघतो. चालून या, मन हलकं होईल. देव जे करतो त्यात आपलं हित असतं, ते आपल्याला लगेच दिसत नाही इतकंच.

तुळशीमाळ

दादा, आदर राखून सांगते, "कसोटी" आणि "हित" हे दोन शब्द ज्याच्या घरातून तिरडी उठली आहे त्याच्यासमोर काढू नयेत. दोन पोरं पोरकी करून कुणाची कसोटी घेतली जाते, हे मला कुठल्याही कीर्तनात पटलेलं नाही.

ताई, आपल्या संप्रदायात नवसाला मुळात फारशी जागा नाही. "नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती" असं तुकोबांनी रोखठोक विचारून ठेवलंय. हे तुम्हाला बोल लावायला सांगत नाही. गेटबाहेर बसलेल्या बहिणीच्या तोंडून त्या वेळी जे निघालं ते प्रेमातून निघालं, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण वारी ही त्या नवसाची किंमत नव्हे, एवढं मनातून सोडवून घ्या.

आणि तुकोबांचंच पुढे बघा, कारण तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा माणूस तोच आहे. देहूचं घर महाजनाचं, सावकारी चालणारं. विठोबा कुळपूज्य, वारी पिढ्यानपिढ्यांची. आई-वडील आधीच गेलेले. त्यात १६३०-३१ चा तो भयंकर दुष्काळ आला. पहिली बायको गेली, मुलगा संतू गेला, धंदा बुडाला. या घराने देवाचं काय कमी केलं होतं? त्यांनाही त्या वेळी कुणीतरी भेटलं असेलच, "तुमच्याकडे पहिल्यासारखं राहिलं नाही" म्हणणारं.

स्वतःची हकिगत सांगणारा त्यांचा एक अभंग आहे, "याती शूद्र वंश केला वेवसाव" असा सुरू होणारा. संतांनी विचारलं म्हणून सांगतो, एरवी हे बोलू नये, असं आधीच म्हणतात. मग येतं, "दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली". पुढच्या ओळीत लाज वाटली, दुःखाने त्रासलो, धंद्यात तूट आली. आणि त्याच्या लगेच पुढे, देवाचं देऊळ भंगलेलं होतं, ते करावंसं मनात आलं.

मी हा अभंग कितीतरी वेळा म्हटला असेल. बायको अन्न अन्न करत मेली आणि देऊळ दुरुस्त करावंसं वाटलं, या दोन्हींच्या मध्ये "का" याचं उत्तर नाही. देवाचा त्यात काही हेतू होता, असं तिथे म्हटलेलं नाही. दुःख तसंच ठेवलंय आणि शेजारी काम ठेवलंय. तुम्ही विचारलंत ना, रोजच्या दिवसात काय करायचं? मला तरी याहून प्रामाणिक उत्तर माहीत नाही.

"बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली" हाही त्यांचाच अभंग, आणि कुणी गेलं की लोक नेमका तोच फेकून मारतात. पण ते मागे वळून बघणाऱ्या माणसाचं स्वतःच्या दिवाळ्याबद्दलचं बोलणं आहे. दुसऱ्याच्या दारात जाऊन "तुझं बरं झालं" असं त्यांनी म्हटलेलं नाही. तो अभंग तुमच्या तोंडी कधी येईल, येईल की नाही, हे फक्त तुमचं.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. त्या वर्षी कोविड वॉर्डात होते. जास्त लिहिता येणार नाही, पण एक गोष्ट लिहायलाच हवी.

नातेवाईक गेटवर डबे आणि पाण्याच्या बाटल्यांबरोबर फोटो द्यायचे, अंगाऱ्याच्या पुड्या, हरिपाठाची छोटी पुस्तकं, क्रॉस, ताईत. जे आत नेता येईल ते आम्ही न्यायचो आणि उशाशी ठेवायचो. ज्यांच्या उशाशी काही होतं त्यांच्यातले काही चालत घरी गेले, काही नाही गेले. ज्यांच्या उशाशी काहीच नव्हतं त्यांचंही तसंच झालं. नामस्मरण कमी पडलं म्हणून कुणाची फुफ्फुसं निकामी झालेली मी पाहिली नाहीत. विषाणूने झाली. पंगतीत बोलणाऱ्या त्या माणसाचं वाक्य तुम्ही आजपासून काढून टाका. त्याला काहीही माहीत नव्हतं.

आणखी एक. शुद्धीवर असलेले पेशंट आमच्याकडे विचारायचे, "बाहेर कोण बसलंय?" नियमाने बाहेर थांबायला बंदी होती, पण लोक थांबायचेच. आम्ही सांगायचो, तुमची बहीण आहे, तुमचा मुलगा आहे. ते ऐकून चेहरा सैल व्हायचा. तुमच्या भावाला कुणी सांगितलं असेल की नाही, मला माहीत नाही. पण तुमचं तिथे बसणं वाया गेलं असं मी मरेपर्यंत मानणार नाही.

पायरीपाशी

भांडण घेऊन वारीत चालता येतं का, या प्रश्नावर लिहितो. माझ्या घरातूनच सांगतो.

आमचं घर मंगळवेढ्याकडचं. आजोबा १९५६ नंतर बौद्ध झाले, घरातले देव गेले. आजीनेही दीक्षा घेतली, पण जात्यावर बसली की चोखोबांचे अभंग म्हणायची आणि आजोबा तिला अडवत नसत. मी स्वतः देव मानतो का, हे मला एका शब्दात सांगता येत नाही. पण चोखोबा मला माझ्या घरातला माणूस वाटतो.

चोखोबांनी मागितलं काय होतं? दर्शन. जन्मभर पंढरीच्या देवळाबाहेर उभा राहिलेला माणूस. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम वेठीने करताना भिंत कोसळली आणि तो मजुरांबरोबर गाडला गेला. नामदेवांनी अस्थी शोधून आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, ही परंपरा आपण सगळे सांगतो. म्हणजे मेल्यावरही बाहेरच. त्यांच्या लेकरांना ते दार उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं.

आता मला सांगा, चोखोबांची प्रार्थना कुणी अडवली? देवाने "नाही" म्हटलं होतं का? दाराला कडी माणसांनी लावली होती. प्रत्येक न फळलेल्या मागण्याचा जाब देवालाच विचारायचा, किंवा उलट मागणाऱ्याच्या भक्तीत खोट काढायची, या दोन्हींत कडी लावणारे हात सुटून जातात. मे २०२१ मध्ये खाट मिळत नव्हती, ऑक्सिजन मिळत नव्हता, इंजेक्शनासाठी लोक शहरभर धावत होते. तुमच्या भावाचं काय झालं मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. पण त्या महिन्यात जे घडलं त्यातलं बरंचसं माणसांच्या हातातलं होतं. ते देवाच्या नावावर घालू नका, आणि तुमच्या हरिपाठाच्या तर मुळीच नको.

भांडणाचं म्हणाल, तर चोखोबांचा मुलगा कर्ममेळा देवाला काय म्हणतो ते वाचा: "आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥ जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता". देवाला तोंडावर विचारतोय, लाज वाटत नाही का. आणि हा अभंग कुणी जाळला नाही, बुडवला नाही. संतांच्या गाथेत तो आहे. ज्या परंपरेने हे शब्द सहाशेहून जास्त वर्षं जपून ठेवले, तिला तुमचं भांडण जड होणार नाही.

तुळशीमाळ

पायरीपाशी, कर्ममेळ्याची आठवण दिलीत, फार बरं वाटलं. नामदेवांचंही यात घाला. "पतितपावन नाम ऐकुनी आलो मी दारा । पतितपावन न होसि म्हणुनी जातो माघारा". तुझं नाव ऐकून आलो, तू तसा नाहीस, म्हणून चाललो परत. पुढे तर "घेसी तेव्हां देसी ऐसा अससी उदार" असा टोमणा आहे. घेतल्याशिवाय देत नाहीस, म्हणे उदार! ज्यांच्या हातून देव जेवला म्हणून आपण सांगतो, त्यांनी हे म्हटलंय. आणि त्यांचीच पायरी महाद्वारात आहे, तिला नमस्कार केल्याशिवाय आपण आत जात नाही.

केडगावकर

मी ख्रिस्ती आहे, केडगावचा. चर्चमध्ये वाढलो, त्यामुळे "प्रार्थनेचं उत्तर" हे शब्द रोज कानावर पडतात. साक्ष द्यायला उभे राहतात ते बहुतेक ज्यांना हवं ते मिळालं तेच. ज्यांना मिळालं नाही ते मागच्या बाकावर असतात आणि त्यांना कुणी पुढे बोलवत नाही. तुमचा धागा वाचून म्हणून बरं वाटलं.

आमच्या गावाने पंडिता रमाबाई पाहिल्या. त्यांचं आयुष्य सलग बघितलं की छातीत धस्स होतं. मुलगी असताना दुष्काळात वडील, आई आणि बहीण काही महिन्यांत गेली. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थांना फिरून, जप-अनुष्ठानं करून, जवळचं होतं ते दान करून मोकळे झालेले, आणि शेवटी उपासमारीने गेले. मग भाऊ श्रीनिवास, ज्याच्याबरोबर त्या सगळा देश पायी फिरल्या, तो १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे कुणी म्हणेल, मग पुढे सगळं चांगलं झालं असेल. नाही झालं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून त्यांनी इथे वाढवल्या, मोठं काम झालं, देवावरचा भरवसा तर असा की महिन्याच्या खर्चाची आधी तरतूद नसायची. आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्या हाती हे सगळं सोपवायचं होतं ती. त्यानंतर रमाबाईंनी काय केलं, तर मूळ हिब्रू-ग्रीकवरून चालवलेलं मराठी बायबलचं काम पुढे नेलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः गेल्या. दुष्काळात आईवडील गमावलेल्या मुलीने पुढे दुष्काळातल्या मुली उचलून आणल्या, यातच मला त्यांची प्रार्थना दिसते. देवाने त्यांना दुःखातून वगळलं असं मात्र मला कुठे दिसत नाही.

आमच्या शास्त्रातही वगळल्याचं वचन नाही. प्रभू येशूने गेथशेमाने बागेत हा प्याला, म्हणजे समोर आलेलं मरण, टळू दे म्हणून मागितलं, आणि तो टळला नाही. वधस्तंभावर तो म्हणाला, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हेही एका स्तोत्रातलंच वाक्य, म्हणजे त्या घटकेलाही तोंडात प्रार्थनाच होती. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ जोडलेली नाही. आणि बायबलातला ईयोब, ज्याचं सगळं गेलं तो, त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. ते तोंड उघडून "तुझंच काहीतरी चुकलं असेल" म्हणू लागले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावर. देवाला उलट जाब विचारणाऱ्या ईयोबाला मात्र तो म्हणतो, हा माझ्याविषयी बरोबर बोलला. तुमच्या त्या पंगतीतल्या पाहुण्यांना हे पुस्तक वाचायला द्यायला हवं.

सज्जनगड_वाट

तुळशीमाळताई, तुमचं वाचलं. माझी बाजूही मांडतो, कारण मी ते शब्द वरवर वापरले नव्हते. माझी पत्नी सात-आठ वर्षं अंथरुणावर होती. सुरुवातीला मी रोज मागायचो की ती उठून बसू दे. मग मागायचो की वेदना कमी होऊ दे. शेवटी शेवटी मागितलं की सोडव रे बाबा तिला. तेवढं एक ऐकलं गेलं. त्या काळात यातही काही हित आहे असं धरून ठेवलं नसतं तर मी सकाळी उठून तिची कुस बदलू शकलो नसतो. मला भांडता येत नाही. माझा स्वभाव नाही तो. मी समोर बसून राहतो आणि मान्य करतो. माझ्यासाठी भरवसा तोच आहे. तो दुसऱ्याला सांगावा की नाही, हा प्रश्न वेगळा, आणि त्यात तुमचं म्हणणं मी लक्षात ठेवीन.

तुळशीमाळ

दादा, नमस्कार करते तुम्हाला. कुस बदलणाऱ्या हातांनी ते धरून ठेवावंच.

माणदेशी

आमच्याकडं हा प्रश्न दर दोन-चार सालांनी पडतोय, पाऊस मागायचा आणि पाऊस यायचा नाही. ७२ च्या दुष्काळात मी लहान होतो. मारुतीच्या देवळात सप्ताह बसवला होता, पाऊस पडू दे म्हणून. सप्ताह उठला, पाऊस नाही. दुसऱ्या दिवशी सगळी माणसं, बायाबापड्या, खडी फोडायला कामावर. खायला लाल मिलोची, म्हंजे बाहेरनं आलेल्या ज्वारीची, भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. गुरं दावणीला मेली, काही विकली.

मला जे आठवतं ते हे, की रातचं भजन बंद पडलं नाही. हाताला फोड आलेले, टाळ धरवत नव्हता, तरी माणसं यायची. वडलांना मी विचारलं होतं, पाऊस तर आला न्हाई, मग कशाला? ते म्हणाले, "दिसभर जो तो आपल्या घमेल्यापुरता. रातचं तरी एकमेकांची तोंडं बघावी का नको?" लई मोठं तत्त्वज्ञान नव्हतं त्यांच्याकडं. पण त्या भजनात कळायचं, आज कुणाच्या घरी चूल पेटली नाही, कोण आजारी हाय, कुणाच्या पोराला दूध पायजे. भजन उठताना कुणीतरी पदराखाली काहीतरी घेऊन त्या घरी जायचं.

ताई, दिंडीत जावा. देवासाठी जमत नसलं तर आईसाठी जावा. दिंडीत प्रत्येक दुसरी बाई कुणाला तरी घालवून आलेली असते.

इंद्रायणी_काठ

सगळ्यांचं वाचलं. रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद मी वहिनीला दाखवला. ती बराच वेळ फोन हातात धरून बसली होती. मग म्हणाली, त्यांना सांग की हरिपाठाचं पुस्तक आम्हीही पाठवलं होतं.

काल मी शेवटी आईला विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं. म्हटलं, तू त्याच्याकडे काय मागायला जातेस आता? ती म्हणाली, "मागायचं काही नसतं. त्याचं सगळं परत सांगते. शाळेत कसा होता, काय खायचा, शेवटच्या दिवशी फोनवर काय म्हणाला. घरात तुम्हाला परत परत सांगता येत नाही, तुम्ही उठून जाता. चालताना सांगत बसते त्याला. रोज तेच सांगितलं तरी ऐकतो."

मग तिने २०२० चं सांगितलं, जे मी विसरले होते. वारकरी रोज म्हणतो, "पंढरीचा वारकरी । वारी चुको नेदीं हरि". म्हणजे बाकी काही देऊ नको, पण वारी चुकू देऊ नको. आणि त्या वर्षी सगळ्यांचीच चुकली. देऊळ मार्चपासून बंद, पादुका दशमीला एसटीने पंढरपूरला नेल्या, बरोबर मोजकी माणसं. १ जुलैला एकादशी होती. आई म्हणाली, "त्या दिवशी तुझा भाऊ मला टीव्हीसमोर पाट मांडून द्यायला आला होता. म्हणाला, आई, पुढच्या वर्षी मी नेतो तुला. ते मागणंही राहिलं, हे मागणंही राहिलं. म्हणून काय मी त्याच्याशी बोलायचं सोडू?"

"त्याच्याशी" म्हणजे भावाशी की विठोबाशी, ते मी विचारलं नाही.

माझा राग गेलेला नाही. पण आईवरचा गेला.

पायरीपाशी

ताई, आईंना माझा नमस्कार सांगा.

पखवाजी

उशिरा वाचलं. आमची दिंडी माऊलींच्या पालखीत असते, त्यामुळे कामाचं तेवढं सांगतो.

एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर चालून आलेल्या लाखो माणसांतल्या पुष्कळांना आषाढीला मूर्तीचं दर्शन होतच नाही. रांग कितीतरी तासांची असते. चंद्रभागेत स्नान करतात, नामदेव पायरीला आणि चोखोबांच्या समाधीला डोकं टेकतात, कळसाला हात जोडतात, आणि परतीची गाडी धरतात. इतकं चालून जे बघायचं तेच दिसलं नाही म्हणून रुसून बसलेला वारकरी मी पाहिलेला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तीच पाटी, तोच ट्रक. आत जाता आलं तर आनंदच, पण चालणं त्यावर अवलंबून नसतं. दिंडीत तुम्हाला कुणी विचारणार नाही की भक्ती किती आहे, राग आहे का. ओळीत चालायचं, जमलं तर टाळ धरायचा, पाणी आलं की आधी म्हाताऱ्या माणसाला द्यायचं, एवढंच बघतात.

आईंच्या गुडघ्यांचं मात्र मनावर घ्या. दिंडीचं सामान ट्रकमध्ये जातं, थकलेल्या माणसांना त्यात बसायची सोय बहुतेक दिंड्या करतात, पण आधी सांगून ठेवावं लागतं. भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणखर्चाचे, पैसे भरताना दोघींचं नाव एका तंबूत लावून घ्या. पहिल्यांदा येणाऱ्यांनी सगळी वाट धरलीच पाहिजे असं नाही.

इंद्रायणी_काठ

पखवाजी दादा, तेच ठरवतेय. नवस म्हणून आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालणार नाही. ते बोलणं गेटपाशी झालं होतं आणि गुरवाच्या नातवाने सांगितलं तसं, त्याची बाकी मी संपली असं धरते. आईबरोबर एक टप्पा चालते, पुणे ते सासवड. मोठा भाचा बारा वर्षांचा झाला, तो म्हणतोय मीपण येतो. दिवे घाट त्याला झेपेल का? आणि आईला घाटात गाडीत बसवता येईल का?

पखवाजी

भाचा आरामात चढेल, पोरं आमच्या पुढे असतात. मात्र तो टप्पा सगळ्यात लांबचा आहे, तीसेक किलोमीटर. पहाटे पुण्यातून निघायचं, हडपसरपर्यंत गर्दी फार असते, तिथे पोराचा हात सोडू नका. त्याच्या खिशात तुमचा नंबर लिहून ठेवा, मोबाईलला रेंज नसते. त्या दिवशी बहुतेक एकादशी असते, वाटेत केळी, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू भरपूर मिळतात. जेवण बांधून आणायची गरज नाही, पाणी आणि रेनकोट आणा. नवीन चपला नकोत, पायातल्या जुन्याच बऱ्या.

आईंना हडपसरपर्यंत चालू द्या. तिथून पुढे आमच्या ट्रकमध्ये बसवू, घाट संपला की वर त्या परत उतरतील. माझा निरोप खासगीत पाठवतो, दिंडी कुठे थांबते ते त्यात लिहितो. सासवडहून रात्री पुण्याला एसटी मिळते, पण गर्दी असते, मुक्काम करायची तयारी ठेवून या. सकाळी सोपानकाकांच्या समाधीला जाऊन मग निघा.